राग अंगात कुठे जाणवतो?

प्रश्न : समुपदेशक विचारतात, ‘आत्ता शरीरात काय जाणवतंय?’ मला ‘टेन्शन’ याखेरीज काही सांगताच येत नाही. माझं काही चुकतंय का?

उत्तर : मुळीच नाही. रागाचं कारण आपल्याला सगळेच विचारतात, तो अंगात कुठे जाणवला हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून ‘टेन्शन’ क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त जागा शोधा : जबडा आवळलाय का, खांदे वर चढलेत का, तळवे गार पडलेत का. तिथे दडपण आहे, ऊब आहे की थरथर, आणि ते वाढतंय की ओसरतंय, एवढंच सांगा. फिनलंडमधल्या संशोधकांच्या २०१४च्या अभ्यासात ७०१ जणांनी कोणत्या भावनेत कुठे काय जाणवतं हे दाखवायला शरीराच्या आकृत्या रंगवल्या. रागात हातांमधली संवेदना वाढलेली, तर दुःखात हातपाय मंदावलेले दिसले. हे सरासरी चित्र झालं, तुमचं वेगळं असू शकतं. सराव मोठ्या भांडणापासून सुरू करू नका. छोट्या प्रसंगापासून करा : साहेबांचा फोन वाजला की अंगात काय होतं ते बघा. काहीच जाणवलं नाही, तर तसंच सांगा, समुपदेशकांना तेही उपयोगाचं असतं. आत लक्ष देताना घाबरं वाटू लागलं, तर डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा आणि थांबा. छातीत दुखत असेल, तर मात्र ते भावनेमुळेच असं गृहीत धरू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.