कमी खर्चात बुद्धिबळ : विद्यार्थ्यांसाठी एक पाठ



बुद्धिबळ हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, असा समज अलीकडे पालकांमध्ये बळावत चालला आहे. शिकवणीची फी, घड्याळ, स्पर्धेची प्रवेश फी, प्रवास, मुक्काम असे आकडे कानावर आले की बेताच्या मिळकतीचा पालक म्हणतो, "हे आपले काम नव्हे." आम्ही बँकेत काम करणारे, आकड्यांशी आमचा रोजचा संबंध. तेव्हा या खेळाचा जमाखर्च एकदा नीट मांडावा, असे आम्हांस वाटले.

यात दोन निरनिराळी खाती आहेत. पहिले, खेळ शिकण्याचे. दुसरे, स्पर्धांतून वर चढण्याचे. दुसऱ्या खात्यात खर्च आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिले खाते जवळजवळ बिनखर्चाचे आहे. दुसऱ्याच्या भीतीने पहिले उघडायचेच नाही, हे मुलांचे फार मोठे नुकसान होय.

१. साहित्य

जाड पुठ्ठ्यावर ५ सेंटिमीटरची ६४ घरे आखावीत. ४० सेंटिमीटरचा पट तयार होतो. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर यावे. डावीकडून उजवीकडे ए ते एच आणि खालून वर १ ते ८ असे लिहून ठेवावे, म्हणजे प्रत्येक घराला नाव मिळते. प्लॅस्टिकच्या सोंगट्या काही शे रुपयांत मिळतात. दोन-तीन घरांनी मिळून एक संच घेतला तरी चालतो.

२. नियम

आपल्याकडे वडीलधारी माणसे देशी पद्धतीने खेळत. तीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीत दोन घरे जाऊ शकते आणि किल्लेकोट असतो. आपली खेळी असताना खेळण्यासाठी सोंगटीला हात लावला की तीच खेळावी लागते. स्पर्धा याच नियमांनी होतात, म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून हेच शिकवावे.

३. अभ्यास शेवटाकडून

नवशिके सुरुवातीच्या खेळ्या पाठ करतात आणि दहाव्या खेळीनंतर गोंधळतात. आमचे सांगणे उलट आहे. आधी डावाचा शेवट शिकावा. त्याला तीन सोंगट्या पुरतात. त्याही नसल्या तर दोन बटणे आणि एक शेंगदाणा घ्यावा.

पांढरा राजा ई ६ वर, पांढरे प्यादे ई ५ वर, काळा राजा ई ८ वर मांडा. खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. समजा खेळी पांढऱ्याची आहे. पांढरा राजा डी ६, काळा राजा डी ८. प्यादे ई ६, काळा राजा ई ८. प्यादे ई ७, आता काळ्याला एफ ७ वर जाण्यावाचून गत्यंतर नाही. पांढरा राजा डी ७ वर येतो आणि पुढच्या खेळीला प्याद्याचा वजीर होतो.

आता दुसरी मांडणी. पांढरा राजा डी ६, प्यादे ई ६, काळा राजा डी ८, खेळी पांढऱ्याची. प्यादे ई ७ वर सरकवून शह दिला की काळा राजा ई ८ वर येतो. पांढरा राजा ई ६ वर आला तर काळ्याला शह नाही आणि जायला घरही नाही, म्हणून डाव बरोबरीत. राजा दुसरीकडे गेला तर प्यादे जाते, तरीही बरोबरी.

सोंगट्या त्याच, फळ निराळे. पहिल्या मांडणीत राजा प्याद्याच्या पुढे जाऊन वाट मोकळी करतो. दुसरीत प्यादे आधी धावले. ही दोन उदाहरणे एकमेकांविरुद्ध वीस वेळा खेळून पाहावीत. माजी विश्वविजेते कापाब्लांका यांचे १९२१ मधील 'चेस फंडामेंटल्स' हे पुस्तकही सोप्या मातीपासून आणि शेवटापासूनच सुरू होते. इंग्रजी वाचता येणाऱ्यांना ते प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

४. वही

शंभर पानी वही हा या खेळातील सर्वांत स्वस्त शिक्षक होय. प्रत्येक डाव लिहावा. मोठ्या वेळेच्या स्पर्धांत खेळ्या लिहिणे सक्तीचे असते, ती सवयही आपोआप लागते. डाव संपल्यावर त्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. डाव कोणत्या खेळीला बिघडला? त्या वेळी प्रतिस्पर्ध्याचा बेत काय होता? दुसरी कोणती खेळी होती? पन्नास डाव असे तपासल्यावर आपली चूक कोठे पुन्हा पुन्हा होते, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच कळू लागते.

५. मोबाइल

घरात एकच मोबाइल असला तरी बेत आखता येतो. लिचेस हे संकेतस्थळ २०१० पासून आहे. ते देणग्यांवर चालते, तेथे फी नाही आणि जाहिरातीही नाहीत. दिवसातून दहा कोडी आणि सावकाश एक डाव एवढे पुरे. मिनिटा-दोन मिनिटांचे डाव खेळत बसल्याने बोटे चपळ होतात, विचार मात्र होत नाही.

६. एक उदाहरण

पंजाबातील मीर सुलतान खान हे सर उमर हयात खान यांच्या पदरी होते. ते लहानपणी देशी पद्धतीने खेळत, आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी पुढे शिकून घेतले. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका यांना हरवले. सर उमर यांच्याच परिवारातील फातिमा यांनी १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळवले. मात्र सर उमर मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. खेळ कोणालाही येऊ शकतो. पण जाण्या-येण्याचा खर्च एकाच धन्याच्या मर्जीवर असला, तर त्याची मर्जी संपताच खेळही संपतो. म्हणून दुसऱ्या खात्याची जबाबदारी दात्यापेक्षा समाजाने, म्हणजे आपण सर्वांनी, थोडी थोडी उचलावी.

७. आपण काय करावे

मंडळाच्या अभ्यासिकेत चार संच आणि एक घड्याळ ठेवावे. दर रविवारी दोन तास द्यावेत. येणाऱ्या प्रत्येक मोठ्या मुलाने दोन लहानांना शिकवावे, कारण शिकवताना स्वतःचे पक्के होते. मुलींना मागे ठेवू नये. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या आणि नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. स्पर्धांची सुरुवात शालेय आणि जवळपासच्या स्पर्धांपासून करावी. ज्याची वही भरली आहे त्याच्या प्रवेश फीसाठी वर्गणी काढावी. वही पाहून दिलेला पैसा वाया जाण्याची भीती कमी असते.

बुद्धिबळाने नोकरी मिळेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. परीक्षेच्या दिवसांत पट बाजूला ठेवलेलाच बरा. पण खेळण्याआधी समोरच्याचा बेत ओळखणे, हरल्यावर दोष न देता डाव पुन्हा मांडणे आणि आपली चूक आपल्या हाताने लिहिणे, एवढे जरी मुलांच्या अंगी आले तरी पुठ्ठ्याचा खर्च शतपटीने वसूल झाला, असे आम्ही समजू.