उपयोगी पाठ : जिप्सीचे गिअर ऑइल घरच्या अंगणात बदलताना



इंजिनाचे तेल सर्वांच्या परिचयाचे असते. बॉनेट उघडावे, दांडी काढून पाहावी, कमी असेल तर भरावे. परंतु चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत आणखी चार ठिकाणी तेल असते. ते पाहायला सहसा दांडी नसते, आणि गाडीखाली शिरल्याखेरीज त्याची खबर लागत नाही. त्यामुळे ते वर्षानुवर्षे तसेच राहते. हे तेल घरी कसे बदलावे ते या पाठात पाहू. उदाहरणासाठी मारुती जिप्सी घेतली आहे. १९८५ साली आलेली ही गाडी आता कंपनी बनवत नाही, तरी डोंगराळ भागात ती अजून धावते आहे. तिची रचना सोपी असल्याने शिकायलाही ती चांगली. इतर गाड्यांची मापे वेगळी असतील, पण कामाचा क्रम बहुतेक हाच राहतो.

माझी चूक आधी सांगतो

काही वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, मी पहिल्यांदाच हे काम हाती घेतले. मागच्या डिफरन्शियलचा खालचा प्लग काढला आणि सगळे तेल घमेल्यात सोडले. मग वरचा, म्हणजे तेल भरायचा प्लग सोडवायला गेलो, तर तो हलेना. पाना घसरत राहिला आणि प्लगचे कोपरे झिजून गोल झाले. अंधार पडला. गाडीत तेलाचा थेंब नाही आणि भरायला वाट नाही! दुसऱ्या दिवशी पहाटे वरच्या पाड्यावरून एका गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचे होते. शेवटी पाड्यावरच्या माणसांनी तिला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणले आणि तिथून दुसऱ्याची गाडी मिळाली. बाई आणि बाळ सुखरूप राहिले. छिन्नी-हातोडीने तो प्लग निघेपर्यंत मात्र दुपार झाली होती.

म्हणून या पाठातला पहिला नियम हा : भरायचा प्लग उघडल्याशिवाय सांडायच्या प्लगला हात लावू नये.

तेलाच्या चार जागा

१. गिअरबॉक्स : सुमारे १.३ लिटर.
२. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. जिप्सीत ती गिअरबॉक्सच्या मागे वेगळी बसवलेली असते : सुमारे ०.८ लिटर.
३. पुढचे डिफरन्शियल : सुमारे २ लिटर.
४. मागचे डिफरन्शियल : सुमारे १.५ लिटर.

पुष्कळ जण विचारतात, "आम्ही फोर व्हील क्वचितच लावतो, मग पुढचे तेल कशाला बदलायचे?" ओढ्याचे पाणी आत शिरताना तुम्ही कोणता गिअर लावला आहे हे पाहत नाही. शिवाय पुढचे हब सुटे केलेले नसतील, तर गाडी दोन चाकांच्या जोरावर चालतानाही पुढचे दाते फिरतच असतात.

कोणते तेल कुठे

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन खुणा असतात. ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. जीएल-४ किंवा जीएल-५ ही खूण दात्यांवरचा दाब सोसण्याची ताकद सांगते. डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियनचे दाते एकमेकांवर घासत, घसरत फिरतात, म्हणून तिथे जीएल-५ लागते. गिअरबॉक्समध्ये गिअर सहज पडावा म्हणून पितळी रिंगा असतात. जीएल-५ मधील गंधकयुक्त रसायने पितळाला अपाय करू शकतात, म्हणून तिथे सहसा जीएल-४ घालतात. "एकच मोठा डबा घेऊ, सगळीकडे तेच ओतू" असे करू नये. ट्रान्सफर केससाठी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घ्यावे.

कामाचा क्रम

१. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. कोमट तेल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. तेल फार तापले असेल तर थोडे थांबावे, हात भाजतो.

२. गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. जिप्सी उंच असल्याने ती न उचलताही खाली शिरता येते. उचलायचीच झाली तर चारही बाजूंनी सारखी उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

३. प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने आणि फडक्याने साफ करावी. नाहीतर तीच माती आत जाते.

४. आता भरायचा प्लग सोडवावा. नेमका बसणारा पानाच वापरावा. घट्ट असेल तर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे. तरीही निघाला नाही, तर तिथेच थांबून मिस्त्रीला बोलवावे. गाडीत जुने तेल आहे तोवर ती चालू शकते.

५. तो निघाला की खाली घमेले ठेवून सांडायचा प्लग काढावा. तेल पूर्ण निथळू द्यावे, घाई करू नये.

६. प्लग पुसून परत बसवावा. वॉशर असेल तर नवा घालावा, नसेल तर आट्यांना सीलंटचा पातळ थर द्यावा. घट्ट करावा, पण अंगातला सगळा जोर लावून आटे मारू नयेत.

७. हातपंपाने किंवा नरसाळ्याला लांब नळी लावून नवे तेल भरावे. भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल येऊन ओघळू लागले की पुरे झाले. मग वरचा प्लग लावावा.

एक जागा पूर्ण झाल्यावरच दुसरी घ्यावी, म्हणजे विसर पडत नाही. शेवटी गाडी फिरवून आणावी आणि प्लगभोवती गळती आहे का ते पाहावे. फोर व्हील लावून बघायचे असेल तर मातीच्या रस्त्यावर बघावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर दात्यांवर आणि शाफ्टवर नाहक ताण येतो.

जुने तेल काय सांगते

घमेल्यातले तेल लगेच फेकू नका, उजेडात पाहा. नुसते काळसर असेल तर ते वयाने झाले आहे. प्लगवर लोहचुंबक असेल आणि त्यावर राखाडी, मऊ लेप असेल, तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा सापडला, तर लांबच्या प्रवासाआधी मिस्त्रीला दाखवावे. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे.

पाणी जाते कसे? चालून चालून डिफरन्शियल तापलेले असते. गाडी फरशी पुलावरच्या थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि बाहेरचे ओढून घेते. हवा येण्याजाण्यासाठी वर एक छोटी वाफनळी असते. तिचे टोपण चिखलाने बंद झाले असेल किंवा तुटले असेल, तर पाणी तिथून किंवा सीलमधून आत शिरते. असे तेल बदलून काही किलोमीटर चालवावे आणि पुन्हा एकदा बदलावे, कारण पहिल्या खेपेस सगळे पाणी निघत नाही. वाफनळी साफ करावी आणि सील तपासून घ्यावे. वाफनळीला लांब रबरी नळी जोडून तिचे टोक उंच नेले तर पुढचा त्रास वाचतो.

सातपुड्यात धडगाव-मोलगीसारख्या घाटांच्या आणि ओढ्यांच्या मुलखात गाडी फिरत असेल, तर पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट पाहू नये. पावसाळ्यात खोल पाण्यातून गेल्यावर तेल तपासावे आणि पावसाळा संपला की ते बदलावे.

वापरलेले तेल

हे तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावायची सवयही सोडावी. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून, झाकण लावून अशा गॅरेजमध्ये द्यावे, जिथून ते शुद्धीकरणासाठी उचलले जाते. काम झाल्यावर हात साबणाने नीट धुवावेत.

उजळणीसाठी प्रश्न

१. भरायचा प्लग आधी का सोडवावा?
२. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांच्या तेलात फरक का?
३. दुधाळ तेल दिसल्यास कोणत्या तीन गोष्टी कराव्यात?
४. आपल्या ओळखीच्या कोणत्या गाडीचे हे तेल शेवटचे कधी बदलले, हे कोणाला सांगता येईल? येत नसेल, तर या आठवड्यात गाडीखाली एकदा शिरून पाहावे.