प्रशिक्षकाचे मौन



आपल्या राजेगावच्या मुलांस कबड्डी व क्रिकेट यांचा जितका परिचय आहे, तितका टेनिसचा नाही. तथापि गुरुशिष्यांच्या नात्याविषयी या खेळापासून शिकण्यासारखे बरेच आहे. म्हणून आज त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

टेनिसचे मैदान २३.७७ मीटर लांब असते. एकेरी सामन्यासाठी त्याची रुंदी ८.२३ मीटर असते आणि मधली जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असते. जाळीच्या अलीकडे एक खेळाडू, पलीकडे दुसरा. क्रिकेटमध्ये एक गडी बाद झाला तर दुसरा येतो. येथे दुसरा कोणी येत नाही. इतकेच नव्हे, तर सामना चालू असता प्रशिक्षकाने प्रेक्षकांतून खूणदेखील करू नये, असा दंडक मोठ्या स्पर्धांत दीर्घकाळ होता. २०२५ पासून तो सामान्यतः सैल झाला. तरी चेंडू परतविण्याच्या क्षणी खेळाडू एकटाच असतो.

मग प्रशिक्षकाचे कार्य कोणते? पुण्याचे श्री. नंदन बाळ यांच्या उदाहरणावरून ते पाहू. १९६८ पूर्वी विम्बल्डनसारख्या स्पर्धांत हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. त्या वर्षापासून खेळावर उपजीविका करणाऱ्यांसही ही दारे खुली झाली. श्री. बाळ हे त्यानंतरच्या पिढीतील व्यावसायिक खेळाडू. १९८०च्या दशकाच्या आरंभी ते डेव्हिस चषक स्पर्धेत भारताकडून खेळले आणि पुढे त्याच स्पर्धेत भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

खेळणे आणि शिकविणे या दोन भिन्न विद्या आहेत. स्वतःचा फटका चुकला, तर कसलेला खेळाडू तो सवयीने सुधारतो. शिष्याचा चेंडू जाळीत गेला, तर मात्र प्रशिक्षकास कारण शोधावे लागते. पाऊल उशिरा पडले, खांदा वळला नाही, की नजर चेंडूवरून ढळली? कारण सापडल्यावर तोच फटका शंभर वेळा मारवून घ्यावा लागतो. शेवटी शिष्यालाच विचारावे लागते, “चेंडू का चुकला?” ज्या दिवशी त्याचे उत्तर बरोबर येते, त्या दिवशी निम्मे शिक्षण झाले.

सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नई येथे भारत व ब्राझील यांचा डेव्हिस चषकाचा सामना झाला. तीन दिवसांत पाच लढती व्हावयाच्या होत्या. पहिल्या दिवशी सोमदेव देववर्मन व रोहन बोपण्णा हे दोघेही पराभूत झाले. आणखी एक हार, की सर्व संपले! दुसऱ्या दिवशी लिअँडर पेस व महेश भूपती यांनी दुहेरी जिंकली. तिसऱ्या दिवशी सोमदेवचा प्रतिस्पर्धी मध्येच निवृत्त झाला आणि अखेरची निर्णायक लढत बोपण्णाने जिंकली. भारत ३-२ असा विजयी झाला. या स्पर्धेत मैदानाशेजारी बसून सल्ला देण्याचा अधिकार कर्णधाराचा असतो. त्या वेळी ते श्री. शिवप्रकाश मिश्र होते. प्रशिक्षक श्री. बाळ यांचे काम सरावाच्या दिवसांतले. लढतीच्या वेळी त्यांनी पाहत राहावयाचे. २०२० साली त्यांना खेळातील आजन्म योगदानासाठी ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

मित्रहो, परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षण करताना माझीही अशीच अवस्था होते. वर्गात तीनदा समजावून दिलेल्या प्रश्नाशी एखादा मुलगा अडतो, लेखणी खाली ठेवतो आणि माझ्याकडे पाहतो. एक शब्द उच्चारला तर त्याला सर्व आठवेल, हे मला ठाऊक असते. आणि तो शब्द मी उच्चारत नाही. त्या क्षणी मी कठोर झालो, असे समजू नका. तुमच्याइतकीच ती माझीही परीक्षा असते: वर्षभर मी तुम्हांस केवळ उत्तरे दिली, की उत्तर शोधावयास शिकविले?

म्हणून वर्गात चुकावयास भिऊ नका, विचारावयास संकोचू नका. तेथे मी हवे तितके बोलेन. पुढे ज्या मैदानात तुम्ही एकटे उभे राहाल, तेथे मला गप्प बसावयाचे आहे.