आधी उठबस मोजा

मुलुंडहून खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा तिकिटांची आणि राइड्सची होते. कुटुंबात व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल तर एका फोनची भर पडते : ‘तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे ना?’ पलीकडून ‘हो, आहे’ असं उत्तर येतं आणि सगळे निर्धास्त होतात. सहल फसायला सुरुवात होते ती इथेच. ‘सोय आहे’ याचा अर्थ खुर्ची फाटकातून आत जाते, एवढाच. दिवस कसा जाणार हे ठरतं ते त्या माणसाला खुर्चीतून किती वेळा उठावं लागणार यावर. माझं म्हणणं असं की राइड्सची यादी नंतर करा, आधी ही उठबस मोजा.

हिशेब सरळ आहे. निघताना खुर्चीतून गाडीत, एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, परत खुर्चीत, मग गाडीत आणि पार्कवर पुन्हा खुर्चीत. एका बाजूला सहा वेळा, जाऊन-येऊन १२. पार्कात दोनदा स्वच्छतागृह धरलं तर १६. इतकं होईपर्यंत एकही राइड झालेली नाही आणि प्रत्येक राइडच्या आणखी दोन वेगळ्या. ज्याला उभं राहताना दोघांचा आधार लागतो, त्याची ताकद दुपारच्या जेवणाआधीच संपते. आधार देणाऱ्यांची कंबरही. यावर घरोघरी एक वाईट उपाय चालतो : बाथरूमला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. आजी मंडळी हे कुणाला न सांगता करतात. मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर सावली नसताना, याच्याइतका धोक्याचा उपाय दुसरा नाही. एका दिवसाचा आकडा कमी करायचा तर दिवस तोडावा. पार्कला लागूनच हॉटेल आहे. एक रात्र राहिलं की प्रवासाची उठबस दोन दिवसांत वाटली जाते आणि दुपारी आडवं होता येतं. खर्च वाढतो, हे खरं. तो परवडत नसेल तर राइड्स कमी कराव्यात, पाणी नव्हे.

गाडीचा मुद्दा मुंबईकर हमखास विसरतात. इथल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात, डिकीत सिलिंडर असतो, आणि घडी घातलेली खुर्चीही तिथे मावत नाही. ‘बघू, कॅरिअरवर बांधू’ हे सोसायटीच्या गेटवर ठरवू नये. गाडी बुक करतानाच डिकी रिकामी आहे का, मागची सीट दुमडता येते का, हे विचारावं.

‘पार्कातली पोरं उचलून बसवतात की,’ असं काही जण म्हणतील. बसवतात, मनापासून बसवतात. पण अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा अनेकदा सैल असतो. काखेत हात घालून ओढलं तर तो दुखावतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. कसं धरायचं हे घरच्यांनाच ठाऊक असतं, तेव्हा उचलणारे घरचेच हवेत. राइडवर नकार मिळाला तर मात्र भांडू नये. रोलर कोस्टर मध्येच थांबला तर जिन्यावरून पायी उतरावं लागतं. नकारामागे बहुधा हेच कारण असतं. शो आणि सिनेमासारख्या गोष्टींत, खुर्चीतच बसून राहता येईल अशा जागा कोणत्या, ते आधी विचारून घ्यावं.

दुसरा आक्षेप कायद्याचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जनतेला सेवा देणाऱ्या खासगी जागांवरही सुगम्यतेची जबाबदारी टाकली आहे. मग मोजमाप आपण का करायचं? हक्क बजावायलाही मोजमाप लागतंच. रॅम्पचा उतार एकास बारा असावा, असं मानक सांगतं : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ‘रॅम्प आहे’ म्हणणाऱ्याकडे त्याचा फोटो मागावा, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी इंचांत विचारावी आणि ती आपल्या खुर्चीच्या रुंदीशी ताडून पाहावी. दार अरुंद निघालं तर लेखी तक्रार करावी. तोंडी कुरकुर गेटवरच विरते.

राहिला सगळ्यांत अवघड आक्षेप, आणि तो आजीच घेते : ‘तुम्ही जाऊन या, मी थांबते.’ हे नेहमीच संकोचातून येतं असं समजून तिला ओढत नेऊ नये, आणि लगेच खरं मानून मोकळंही होऊ नये. कागदावर १६चा आकडा मांडून तिच्यासमोर ठेवा. यातल्या किती जमतील, कोणत्या नकोत, हे तिला ठरवू द्या. ती दहा म्हणाली तर दहातच बसेल अशी सहल आखा, मग ती खोपोलीऐवजी ठाण्याच्या तलावपाळीपर्यंतच का होईना.