शाळेची तयारी : मुलाची की शाळेची?

गेल्या वर्षी जानेवारीत मी माझ्या ताईबरोबर तिच्या मुलीला एका शाळेच्या शिशुवर्गात घालण्यासाठी गेले होते. चार वर्षांची पोर. तिथल्या बाईंनी तिच्यापुढे चित्रांचा तक्ता धरला आणि हे फळ कोणते, असे इंग्रजीतून विचारले. चित्र अननसाचे होते. आमच्या घरात अननस कधी आलेला नाही. भाची गप्प राहिली. मग रंग विचारले, आकडे म्हणायला सांगितले. तोवर ती आईच्या पदराआड गेली होती. 'अजून तयारी झालेली नाही,' असा शेरा घेऊन आम्ही परतलो. त्याच संध्याकाळी आईने तिला जेवणाची ताटे मांडायला सांगितली. तिने घरातली माणसे बोटावर मोजली, भावजी उशिरा येणार म्हणून एक ताट कमी घेतले आणि प्रत्येक ताटाजवळ एकेक वाटी ठेवली. एकास एक संगती आणि वजाबाकी या दोन्ही गोष्टी तिला येत होत्या. फक्त त्या तक्त्यावर नव्हत्या.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे, की मूल शाळेसाठी 'तयार' आहे म्हणजे नेमके काय, आणि ते ठरवायचे कोणी?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर परिपक्वतेचे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड गेझेल यांच्या मते मुलाची वाढ ठरलेल्या क्रमाने आतून होते. ती घाई करून होत नाही. हे उत्तर अर्धे खरे आहे. पाचव्या वर्षी मनगटाची हाडे पुरती घडलेली नसतात, तेव्हा ओळी भरून 'अ' गिरवायला लावणे हा त्या हातावर अन्यायच होय. पण नुसती वाट पाहत बसलो तर ज्या घरात पुस्तक नाही, गोष्ट सांगायला कोणाला उसंत नाही, त्या घरातले मूल मागेच राहणार. वाढीला परिसर लागतो. १९९० मध्ये अमेरिकेने आपली राष्ट्रीय शैक्षणिक उद्दिष्टे जाहीर केली. त्यांतले पहिलेच असे होते, की २००० सालापर्यंत देशातील प्रत्येक मूल शिकण्यास सिद्ध होऊन शाळेत येईल. या उद्दिष्टांसाठी नेमलेल्या मंडळाने सिद्धतेची पाच अंगे सांगितली : शरीर, भावना व समाजशीलता, शिकण्याकडे पाहण्याची वृत्ती, भाषा आणि बुद्धी. पुढे १९९८ मध्ये त्याच मंडळाला शाळांनीही मुलांसाठी सिद्ध असले पाहिजे, अशी पुस्तिका काढावी लागली.

वास्तविक ही गोष्ट आपल्याकडे कितीतरी आधी घडून गेली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरिबांची मुले तेथे येईनात. आज एखाद्या अहवालात 'पालकांची उदासीनता' असे लिहून विषय मिटवला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तेथेच 'अंगणवाडी' जन्मली. मुलांना न्हाऊ घालायचे, नखे कापायची, मग गाणी आणि खेळ. माँटेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे यांनी ते काम केले. बियांचे वर्गीकरण करणारे मूल गणनपूर्व तयारी करत असते आणि चिमटीत बी उचलणारी बोटे पुढे लेखणी धरतात.

पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे वारली मुलांमध्ये काम सुरू झाले, तेव्हा नवी अडचण आली. मोठी मुलगी कडेवरच्या भावंडाला सोडून येऊ शकत नाही आणि मुलगा गुरे सोडून येऊ शकत नाही. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी' उभी केली, आणि गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. येथे तयारी कोणाची झाली, ते सांगायला नकोच. त्या मुलांना कोणी प्रवेशाचा तक्ता दाखवला नव्हता.

आता आजच्या मानकांकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात १३ अभ्यासक्रमीय ध्येये आहेत. आरोग्याच्या सवयींपासून भावना ओळखणे, भाषा, कला आणि शिकण्याच्या चांगल्या सवयी येथवर त्यांचा पसारा आहे. वाचून समाधान वाटते. परंतु जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात बालवाटिकेच्या मुलासाठी जी उद्दिष्टे दिली आहेत, त्यांत अक्षरे व त्यांचे ध्वनी ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे आणि दहापर्यंतचे अंक ओळखून वाचणे या गोष्टी आहेत. उद्दिष्ट वाईट नाही. त्याचे पुढे काय होते हा प्रश्न आहे. तेरा ध्येयांपैकी जे चटकन तपासता येते, तेच पालक विचारतात आणि तेच बाई शिकवतात. 'कमळ' वाचता येते की नाही हे अर्ध्या मिनिटात कळते. दुसऱ्याची पाळी येईपर्यंत मूल थांबते का, हे कळायला आठवडा लागतो.

या बाबतीत 'असर' या पाहणीचा २०१९ चा अहवाल महत्त्वाचा आहे. तो चार ते आठ वर्षांच्या मुलांविषयी होता. वर्गीकरण, आकृतिबंध, क्रम लावणे अशी बौद्धिक कामे ज्यांना चांगली जमत होती, तीच मुले भाषा आणि अंकज्ञानातही पुढे असल्याचे त्यात दिसले. म्हणजे अक्षरांची घाई करणारे पालक ज्यासाठी घाई करतात, तेही खेळातूनच अधिक साधते. हे ताईला सांगितले तर ती म्हणते, "हे त्या शाळेला जाऊन सांग!" तिचे चुकले असे मला म्हणवत नाही.

महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. पहिलीत येणारे मूल आईबरोबर एकेका टेबलाशी जाते. कुठे उडी मारते, कुठे चित्रावर बोलते, कुठे वस्तू मोजते. मूल काय करू शकते हे आईला समोरच दिसते आणि घरी काय करावे हेही सांगितले जाते. प्रवेश नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही. पहिलीत आल्यावर 'विद्याप्रवेश' हा तीन महिन्यांचा खेळातून शिकण्याचा भाग आहे. हे दोन्ही उपक्रम मला त्या अननसाच्या तक्त्यापेक्षा बोर्डीच्या अंगणाशी जवळचे वाटतात.

अडचण अंगणवाडीतच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा सेवा ठरल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण. शिक्षण त्यांतले एक. माझ्या मावशीच्या गावी मी एक सकाळ अंगणवाडीत बसले. सेविकाताईंनी वजने घेतली, आहार वाटला, मोबाईलवर माहिती भरली, एका गरोदर बाईला दवाखान्याचे समजावले. गाणे आणि गोष्ट मिळून वीस मिनिटे झाली असतील. ती वीस मिनिटे सुरेख होती. मानके कितीही चांगली लिहिली तरी ती या वीस मिनिटांतच बसवायची आहेत. म्हणून मापायचे असेल तर आधी हे मापावे, की मुलाला दिवसातून किती वेळ खेळायला मिळतो, त्याच्या घरच्या बोलीत त्याच्याशी कोण बोलते, आणि एका बाईच्या वाट्याला किती मुले व किती रजिस्टरे येतात.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात असतेच. यंदा आपण चार-पाच जणांनी सकाळची श्रमदानाची पाळी सोडून सात दिवस अंगणवाडीत बसावे आणि हीच नोंद घड्याळ लावून ठेवावी, असे मी विभागाच्या सरांना सुचवले आहे. त्यांनी होकार दिला आहे. नोंदीचा तक्ता तयार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला भेटावे.