रात्रिस्वेद, शीत आणि निद्रानाश : प्रलेपक ज्वराचा विचार

डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यालगतच्या कारखान्यांतील कामगार असोत वा ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील मानपाड्यातील गृहिणी, ‘रात्री अंग घामाने भिजते, मग थंडी वाजते, जीव तळमळतो’ ही तक्रार आमच्यापुढे बहुधा निद्रानाश म्हणूनच मांडली जाते. औषधालयातही झोपेचेच औषध मागितले जाते. जटामांसी, अश्वगंधा देऊन मोकळे होण्यापूर्वी ज्वराचा विचार व्हावा, असे आमचे मत आहे.

सुश्रुताने उत्तरतंत्रात प्रलेपक ज्वर वर्णिला असून शोषाच्या रुग्णात तो प्राणनाशक मानला आहे. माधवनिदानातील त्याचे चित्र नेमके आहे : ज्वर मंद, गात्रे घामाने लिंपल्यासारखी, जडत्व आणि शीत. दिवसा असा रुग्ण बरा दिसतो, हीच अडचण. म्हणून सायंकाळी तापमापक लावून नोंद ठेवावयास सांगावी. खांदे व पार्श्वभागी वेदना, हातापायांचा दाह आणि सर्वांगज्वर ही राजयक्ष्म्याची त्रिरूपे विचारावीतच. परंतु दोन आठवड्यांचा खोकला वा ताप, वजनातील घट, रात्रीचा घाम यांपैकी एकही लक्षण असल्यास थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे टाळू नये. शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. क्षयरुग्णाची नोंद कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे देणारे विक्रेतेही त्यात आले.

निदान झाल्यावर क्षयविरोधी औषधे हीच मुख्य चिकित्सा. सामान्यतः ती सहा महिने चालते. काही आठवड्यांत घाम थांबतो, भूक लागते आणि रुग्ण गोळ्या सोडू पाहतो. तेथे वैद्याचा शब्द उपयोगी पडतो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड यांचा यकृतावर ताण येतो. तेव्हा सोबत रसौषधे देण्याचा मोह आवरावा.

पावसाळ्यात हुडहुडी, दाह, मग घाम हा क्रम दिसल्यास हिवतापासाठी रक्त तपासावे. रजोनिवृत्तीच्या काळातील स्त्रीस उष्णतेच्या लाटेनंतर घाम व थंडी होते, मात्र तापमापक ज्वर दाखवीत नाही; तेथे शीतवीर्य योजनेस वाव आहे.

औषधालयचालकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू आहे काय? असल्यास घाम, कंप व अस्वस्थता रक्तशर्करा उतरल्याची असू शकते. झोपेचे औषध न देता त्या क्षणी साखर मोजण्यास सांगावे. ती ७० मिलिग्रॅमखाली असून रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि औषधाची मात्रा ठरविणाऱ्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी पाठवावे.