नाममुद्रा आणि निश्चय

अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव घालतात, तिला नाममुद्रा म्हणतात. भजनाला बसलेला एखादा मुलगा विचारतो, "बुवा, मीपण जावे म्हणून सारी खटपट, मग हे नाव कशाला?" प्रश्न योग्य आहे. नाममुद्रा मिरवण्यासाठी नव्हे. जे बोललो ते माझे, त्याचा भार माझ्यावर, अशी ती साक्ष आहे.

गीतेचा अठरावा अध्याय पाहा. सर्व उपदेश झाल्यावर त्रेसष्टाव्या श्लोकात भगवंत निर्णय अर्जुनावरच सोपवितात. शरण येण्याची हाक त्यानंतर आहे. म्हणजे शरणागतीसुद्धा ज्याची त्यानेच पत्करावयाची. ती दुसऱ्याने लादून होत नाही.

आता संत बहिणाबाई घ्या. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. लहानपणीच वयाने फार मोठ्या बिजवराशी लग्न झाले. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले आणि मनाने गुरू ठरला. स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला, असे ती सांगते. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गणलेल्या संताला गुरू करावे, हे नवऱ्याला कसे सोसावे? मारहाण झाली. तो घर सोडून जायला निघाला. पती की गुरू, हा झगडा बाईने आपल्या अभंगांत स्वतःच मांडून ठेवला आहे. पतिसेवा सोडणार नाही, असे तिने ठरविले; पण तुकोबांनाही सोडिले नाही. पुढे आजारपणात नवऱ्याचे मन पालटले आणि दोघे देहूस गेली. १७०० साली शिऊर येथे तिने देह ठेविला.

मार सोसला म्हणून ती थोर, असे कोणी समजू नये. मारानेही तिचा गुरू बदलता आला नाही, यात तिचे थोरपण आहे. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते, ते नातेही तिने आवडीने धरलेले. नाते धरूनही माणूस स्वतंत्र राहतो, हा धडा इथे मिळतो.

आमच्या भुईगावात काय, पंढरीच्या वाटेवर काय, पुष्कळांच्या गळ्यात माळ घरच्या रीतीने आलेली असते. त्यात उणे काही नाही. पण येत्या एकादशीला शेवटचा चरण म्हणताना घाई करू नका. संताचे नाव आले की आपल्यालाच विचारा : ही माळ वडिलांची, की आता माझीही? उत्तर आपले आपण द्यावे. रामकृष्णहरि.